जुन्या घराचं सागवानी लाकूडकाम: ऑइल पेंट मारायचा की तसंच ठेवायचं?

इरईकाठ · ९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे आणि हाताशी दोनच महिने आहेत, म्हणून जरा लांबवून लिहितो.

आमचं गाव वरोऱ्याकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. घर पणजोबांनी बांधलेलं. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर इंग्रजी कवेलू (कौलं), समोर सपरी (ओसरी), आत माजघर, एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला कोठीची (धान्य साठवायची) खोली. मयाली (छताच्या तुळया) येनाच्या लाकडाच्या, बाकी सगळा साग: आठ चौकटी, तेवढीच दारं, सपरीचे सहा खांब, माजघरावरची तक्तपोशी (फळ्यांचं छत). यातल्या एकाच दाराला, मागच्या अंगणाच्या, कधीकाळी हिरवा ऑइल पेंट मारलेला आहे. उरलेल्या लाकडाला माझ्या आठवणीत कोणी हात लावलेला नाही.

वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. घरासमोरच मांडव पडणार. भिंतींना चुना द्यायचा, त्यावर घरात एकमत आहे. पेंटरने लाकडाचाही हिशेब दिला: लांबी (पुटी) भरायची, प्राइमर, वरून दोन हात चॉकलेटी ऑइल पेंट. चार दिवसांत काम. त्याचं म्हणणं, काळं लाकूड लग्नघराला शोभत नाही.

आई पेंटरच्या बाजूने आहे, आणि तिचं कारण मला खोडता येत नाही. ती म्हणाली, "चाळीस वर्षं या अंधारात भाकरी केल्या मी. मले उजेड पायजे."

माझा जीव मात्र कोठीच्या दारात अडकला आहे. त्या दाराच्या आतल्या बाजूला आबाजींनी (आजोबांनी) खिळ्याने ओढलेल्या रेषा आहेत. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी. असे कितीतरी जुडगे. किती खंडी धान आत गेलं त्याचा तो हिशेब. लांबी भरली की त्या रेषा गेल्याच.

मला ठेवावंसं वाटतं, हे लपवत नाही. पण नुसत्या मायेपोटी आईला अंधारात ठेवणं मनाला पटत नाही. ज्यांनी जुन्या घराचं लाकूड रंगवलं आहे किंवा रंगवायचं टाळलं आहे, त्यांनी अनुभव सांगावा.

खामगावकर · ९ फेब्रुवारी, रात्री १०.०२

भाऊ, रंगवून टाका. आम्ही २००९ साली रंगवलं आणि पस्तावलो नाही. त्याआधी दर दिवाळीला आई आणि काकू खांबांना तेलाचा बोळा फिरवायच्या. त्या तेलाला धूळ चिकटायची आणि खांब आणखी काळे व्हायचे. रंगवल्यावर ओल्या फडक्याने पुसलं की काम झालं. दुसरं असं की पश्चिमेच्या खिडक्यांवर उन्हा-पावसाचा मारा असतो. आमच्या त्या खिडक्या आज टिकून आहेत त्या रंगामुळेच.

घर राहण्यासाठी असतं. ज्या माउलीने चाळीस वर्षं तिथे काढली, तिच्या शब्दाला पहिला मान द्या.

रंधा · १० फेब्रुवारी, सकाळी ७.२०

मी सुतारकाम करतो, माझे वडीलही करायचे. लाकूड न बघता "रंगवा" किंवा "रंगवू नका" सांगणं बरोबर नाही. आधी बघा.

लाकूड काळं दिसतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. चुलीचा धूर बसलेला असतो. वर्षानुवर्षं लावलेलं तेल आणि त्यावर धूळ बसून त्याची पापडी झालेली असते. कुठे जुनं चपडा लाखेचं पॉलिश असतं, तेही काळवंडतं. आणि कुठे पाण्याने लाकूड खरोखर कुजलेलं असतं. पहिले तीन प्रकार वरवरचे, धुऊन किंवा पुसून निघतात. चौथ्याला रंग मारून उपयोग नाही.

ओळखायचं असं. दाराच्या पाठीमागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मिनिटभर चोळा. चिकट झालं, बोळा तपकिरी झाला, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर कोमट पाण्यात रिठा कुस्करून त्याने चोळा. पाणी काळं निघालं की समजा धूर आणि तेल आहे. मग जाड सुई किंवा पेचकस घेऊन चौकटीचे पाय, खांबांचे तळखड्यावर (खालच्या दगडावर) टेकलेले बूड आणि मयालीची भिंतीत गेलेली टोकं टोचून बघा. चांगल्या सागात टोक शिरत नाही. भसकन शिरलं तर तिथे आधी सुताराचं काम आहे, पेंटरचं नंतर.

आता रंगाबद्दल. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं. त्यामुळेच त्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही, आणि त्यामुळेच त्यावर रंग धड धरत नाही. नव्याने घासलेल्या सागावर थिनरचा बोळा न फिरवता प्राइमर मारला, तर दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात. रंगाने उधई थांबते हा समजही काढून टाका. उधई जमिनीतून येते, मातीची नळी करत चौकटीच्या पायातून शिरते आणि रंगाच्या आतून खात जाते. वरून रंग जसाच्या तसा दिसतो. तिला अडवायचं तर औषध भिंतीच्या पायाशी जमिनीत जायला हवं. सागाचा पांढरा भाग, गाभ्याच्या बाहेरचा, तिला आवडतो. तो कुठे कुठे राहिला आहे तेही बघून ठेवा.

शेवटचं. रंग चार दिवसांत चढतो. नक्षीच्या खाचांतून तो काढायला मला एका चौकटीला आठ दिवस लागले आहेत.

आर्वीकर · १० फेब्रुवारी, दुपारी १.१५

मधला मार्ग घ्या ना. पीयू पॉलिश (पॉलियुरेथेनचा कडक, पारदर्शक थर) मारा. लाकूडही दिसेल, चमकही येईल.

रंधा · १० फेब्रुवारी, दुपारी २.४०

नव्या फर्निचरला पीयू चांगलं. शंभर वर्षांच्या चौकटीला मी मारणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच फुगतं. वरचा थर कडक असला की सांध्यांवर चिरतो, आणि चिरेतून गेलेलं पाणी आतच राहतं. शिवाय पीयूला जागच्या जागी डागडुजी नाही, पूर्ण फळी घासून पुन्हा करावी लागते. बाहेरच्या दारावर तर कुठलाच पारदर्शक थर फार काळ टिकत नाही. ऊन त्यातून आत जातं, लाकडाचा वरचा पापुद्रा मरतो आणि थर पोपड्यासारखा निघतो. बाहेरच्या लाकडाबद्दल खामगावकर भाऊ बरोबर बोलले. रंगातली भुकटी ऊन अडवते.

पिंपळपान · १० फेब्रुवारी, रात्री ८.३०

मला आमच्या सपरीची गोष्ट सांगू द्या. इरईकाठ दादांच्या कामी येईल.

माहेरी, यवतमाळ जिल्ह्यात, आमच्याकडे सपरीला चार खांब होते. भावाच्या लग्नाआधी वडिलांनी एका पेंटरकडून त्यांना चकचकीत लाल ऑइल पेंट मारून घेतला. त्याच वर्षी खालच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि ओट्यालाही सिमेंट केलं, ते थेट खांबाच्या बुडाला भिडवून. घर नवंकोरं दिसत होतं. सगळ्यांनी कौतुक केलं.

सहा-सात पावसाळे गेले. एक दिवस मी खांबाला टेकून बसले होते, तळखड्याच्या वर चार बोटांवर हात होता. रंगाला बारीकशी सुरकुती दिसली म्हणून अंगठ्याने दाबलं, तर अंगठा आत गेला. अगदी पिकलेल्या पपईत जावा तसा. रंगाची साल शाबूत, आत ओला भुसा. वडिलांनी सुतार बोलावला. त्याने चारही खांबांवर हातोडी वाजवून पाहिली, दोन बुडाशी पोकळ निघाले. ते कापून खाली नव्या लाकडाचा जोड द्यावा लागला. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

दोष एकट्या रंगाचा नव्हता. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असला की ओल बाहेर निघून जाते. सिमेंटने ती कोंडली, ती लाकडाकडे वळली, आणि लाकडाला रंगाने बंद केलं होतं. बाहेर पडायला वाट उरली नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच: रंगाचं काहीही ठरवा, पण चौकटीला आणि खांबांना सिमेंट भिडू देऊ नका. पेंटरसोबत गवंडी आला की तो हमखास "ही फट भरून टाकतो" म्हणतो. भरू देऊ नका.

आणि कवेलू फेरून (काढून नीट परत लावून) घ्या. आमच्याकडे वानरं उड्या मारून कवेलू फोडायची. गळकं पाणी मयालीच्या टोकावर वर्षभर पडलं तरी खालून कळत नाही.

इरईकाठ · १२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. रंधा भाऊंनी सांगितलं तसं दोन दिवस केलं. जे दिसलं ते लिहितो.

देवघराची चौकट निवडली. ती सगळ्यात काळी. आधी पाठीमागे स्पिरिट चोळलं, काही झालं नाही. मग रिठ्याचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसलो. पहिलं पाणी डांबरासारखं. दुसरं चहासारखं. चौथ्या पाण्याला ब्रशच्या केसांना लाल लागायला लागलं. आधी वाटलं लाकूडच रंग सोडतं आहे. मग लक्षात आलं, ते कुंकू होतं. गणेशपट्टीच्या (चौकटीवरच्या गणपती कोरलेल्या फळीच्या) खाचांत पिढ्यान्पिढ्यांचं कुंकू, हळद आणि तेल बसून त्याचा दगड झाला होता. बांबूची काडी टोकदार करून हळूहळू कोरून काढलं. गणपतीची सोंड आम्ही लहानपणापासून नुसती गोल गाठ म्हणून बघत होतो. ती डावीकडे वळलेली आहे आणि सोंडेत मोदक धरलेला आहे, हे मला वयाच्या छत्तीसाव्या वर्षी कळलं. दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आहे, आणि उजवीकडच्या वेलीचं शेवटचं पान कोरायचं राहून गेलेलं आहे. नुसती रेघ मारून सोडलेलं. कारागिराने का सोडलं, कोण जाणे.

खालचं लाकूड मधाच्या रंगाचं. पुसल्यावर वास आला, चामड्यासारखा, थोडा तिखट. आई तिथेच फुलं निवडत बसली होती. तिने पट्टीवरून बोट फिरवलं, बोलली काही नाही.

पेचकसाने टोचून पाहिलं. आठपैकी सात चौकटी ठणठणीत. मोरीकडच्या चौकटीचा डावा पाय वीतभर मऊ आहे. सपरीचे खांब चांगले. मयालीचं एक टोक ओलं लागलं, तिथलं कवेलू फुटलेलं होतं. पिंपळपान ताई, तुमचं लिहिणं वाचलं नसतं तर मी वर चढलोच नसतो.

आता दोन प्रश्न. धुतल्यावर लाकडाला काय लावायचं? आणि मागच्या हिरव्या दाराचं काय करायचं? पेंटर म्हणतो गॅसच्या बत्तीने जाळून काढतो.

दगडी_उंबरा · १२ फेब्रुवारी, रात्री १०.२०

बत्तीला स्पष्ट नाही म्हणा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. हिरव्या-पिवळ्या रंगांत तर हमखास घालायचे. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०), हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा कुठलाही डबा शिशाचाच धरून चालायचं. जाळला की त्याचा धूर होतो, कोरडा घासला की भुकटी होते. दोन्ही पोटात आणि फुप्फुसात जातात. लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमची इजा होते, गरोदर बाईलाही धोका आहे. लग्नघरात पोरंबाळं येणार, म्हणून कळकळीने सांगतो.

त्या दाराचा रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका. ओल्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि वरून नवा रंग मारा. पोपडे सुटत असतील तर दार उतरवून अंगणात न्या, खाली प्लास्टिक पसरा, पाणी शिंपडत खरडा, नाकाला चांगला मास्क लावा. खरवड पिशवीत बांधून ठेवा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: रंगवलेल्या लाकडाचे तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालू नका. आपल्या गावांत सर्रास घालतात.

कॉस्टिक सोड्याचा सल्लाही कोणी देईल. रंग निघतो, पण साग काळानिळा पडतो आणि रेषा उभ्या राहतात. मी एक खिडकी अशी घालवली आहे.

जवसफूल · १३ फेब्रुवारी, सकाळी ६.४५

धुतल्यावर जवसाचं तेल लावा. आमच्याकडे भंडाऱ्यात धानाच्या बांधीत उतेरा (धानामागचं पीक) म्हणून जवस टाकतो, घरचंच तेल असतं. पण लाकडाला घाण्याचं कच्चं तेल लावू नका. ते वाळायला आठवडे लागतात आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल तेल मिळतं, जुने पेंटर त्याला बेलतेल म्हणतात, ते घ्या.

खामगावकर भाऊंच्या घरी तेलाने खांब काळे झाले, कारण तिथे दुसरं तेल लावत असावेत. एरंडी, करंज, टोळीचं (मोहाच्या बियांचं) तेल कधी वाळत नाही. ते ओलंच राहतं, धूळ धरतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, लाकडात मुरून बसतं. दिव्यातलं उरलेलं तेल दाराला पुसायची आपल्या बायकांची सवय आहे, तीही मोडायला हवी.

पहिला हात पातळ, निम्मं तेल आणि निम्मं टर्पेंटाइन. फडक्याने चोळायचं. पाव तासाने दुसऱ्या कोरड्या फडक्याने जेवढं पुसता येईल तेवढं पुसून काढायचं. लाकडाने प्यायलं तेवढंच त्याचं, वर राहिलेलं चिकट होणार. चार दिवस थांबून दुसरा हात, मग वाटलं तर तिसरा. मार्च-एप्रिलची कोरडी हवा याला उत्तम.

आता जे सांगते ते हाताशी लिहून ठेवा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. माझ्या नणंदेच्या लग्नाआधी आम्ही हेच काम केलं आणि संध्याकाळी सगळ्या चिंध्या एका प्लास्टिकच्या टोपलीत दाबून सपरीत ठेवल्या. रात्री दीडच्या सुमारास सासूबाईंना वास आला. टोपली वितळली होती आणि आतून धूर निघत होता. जवळ ना चूल, ना दिवा, ना विडी. तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेल्या फडक्यांत ती उष्णता कोंडते, आपोआप पेट घेते. बाजूला तुऱ्हाट्यांचा भारा होता. फडकी वलणीवर (कपडे वाळवायच्या दोरीवर) एकेक सुटी पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

मारोतीचा_पार · १३ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

एक गोष्ट मनात येते ती सांगतो. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान आपल्या बल्लारपूरच्या लाकूड आगारातून गेलं. लोक मिरवणुकीने निरोप द्यायला आले होते. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात जुन्या सागाचा एक तुकडा राखून ठेवला आहे, तिथे एका झाडाला कवेत घ्यायला माणसं अपुरी पडतात. तुमच्या चौकटी तशाच जुन्या झाडांच्या गाभ्यातल्या असणार. आज बाजारात येतं ते बहुतेक कमी वयाच्या झाडाचं, त्यात पांढरा भाग जास्त. तसलं लाकूड आता विकत घेणं आपल्यासारख्याच्या आवाक्यात नाही. जुनं लाकूड घेणारे फिरतात, ते "नवी फ्लशची दारं बसवून देतो, ही द्या" म्हणतात. कोणी आलं तर देऊ नका.

खामगावकर · १३ फेब्रुवारी, रात्री ९.००

जवसफूल ताई, तुमचा अंदाज खरा आहे. आमच्याकडे एरंडीचंच तेल लावायचे. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गणेशपट्टीचं वाचून मी आज आमच्या देवघराच्या दारासमोर बराच वेळ उभा होतो. आमची पट्टीही रंगाखाली आहे.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. आई म्हणते उजेड हवा. लाकूड धुतलं, तेल दिलं, तरी ते पांढरं होणार नाही. त्याचं उत्तर या धाग्यावर अजून कोणी दिलेलं नाही.

सातपुड्याची_लेक · १३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मी देते. माझ्या सासरी अमरावतीकडे हीच तक्रार होती, माझीच होती. मीही दारं पांढरी रंगवून मागितली होती. रंगवली, आणि अंधार तसाच राहिला. दार-चौकट मिळून भिंतीच्या मानाने किती जागा असते? उजेड येतो कवेलूंतून, खिडकीतून आणि चुन्यातून.

काचेचं कवेलू मिळतं, इंग्रजी कवेलूच्याच मापाचं. स्वयंपाकघरावर दोन बसवा, चुलीच्या बरोबर वर नको, ओट्याच्या बाजूला. सकाळी दहा वाजता पातेल्यात तांदूळ निवडता येतील इतका उजेड पडतो. उन्हाळ्यात ऊन टोचतं, तेव्हा आतून पातळ कापड बांधते मी. आणि भाकरी करताना उजेड हवा असेल तर आईंना विचारा, नेमका कुठे हवा. मला कोणी विचारलं नव्हतं.

इरईकाठ · १४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

ताई, विचारलं. आई म्हणाली, "परातीवर." अजून काही नाही, परातीवर. स्वयंपाकघराला तक्तपोशी नाही, म्हणजे काचेचं कवेलू बसवता येईल.

रात्री बहीण, आई, बाबा आणि मी चौघं बसून ठरवलं ते असं. आतलं सगळं लाकूड धुवायचं आणि जवसाचं तेल द्यायचं. पश्चिमेच्या दोन खिडक्या आणि मागचं हिरवं दार बाहेरून रंगवायचं, खामगावकर काका म्हणतात तसं. ऊन-पाऊस तिथेच आहे, आणि ते दार तर आधीच रंगवलेलं आहे. मोरीकडच्या चौकटीचा पाय सुतार बदलणार. कवेलू या आठवड्यात फेरणार. कोठीच्या दाराला मात्र कोणी ब्रश लावायचा नाही, नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचं. हे बाबांनी सांगितलं. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा बोलले. त्या रेषांतल्या शेवटच्या दोन जुडग्या त्यांच्या हातच्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. आबाजी आजारी होते त्या वर्षीच्या.

पेंटरला भिंतींचं आणि खिडक्यांचं काम दिलं. तो नाराज नाही.

रंधा · १४ फेब्रुवारी, दुपारी ३.००

चांगलं ठरवलंत. मोरीकडच्या पायाला सागाचाच जोड द्या, तोही गाभ्याचा. तिरपा कापून बसवायला सांगा, सरळ कापून नको. आणि खाली दगडाची चीप द्या म्हणजे पाय जमिनीला टेकणार नाही. धुतल्यावर निदान आठ दिवस वाळू द्या. ओल्या लाकडाला तेल देऊ नका.

इरईकाठ · ६ एप्रिल, रात्री १०.३०

मंडळी, बरंच काम उरकलं. धुण्यालाच तीन आठवडे लागले, गावातली चार पोरं मदतीला होती. फडकी रोज वलणीवर पसरली. माजघरातली तक्तपोशी धुतल्यावर एक फळी वेगळी दिसली, रेषा आणि रंग दोन्ही निराळे. सुतार म्हणाला बिजा (बिबळा) आहे, मागाहून कोणीतरी बसवलेली.

काचेची दोन कवेलू बसली. पहिल्या सकाळी आईने परात उजेडाखाली सरकवली आणि पीठ मळता मळता म्हणाली, "पाह्य, हातावरच्या रेषा दिसते." बहिणीने तिचा फोटो काढला, लग्नाच्या पत्रिकेसोबत पाहुण्यांना पाठवते आहे.

एक अडचण आहे. माजघराच्या मोठ्या दारावर दुसरा हात देताना पुतण्याने तेल जास्त लावलं आणि पुसायचं राहिलं. बारा दिवस झाले, अजून बोट चिकटतं. मांडव पडायला सोळा दिवस आहेत. खरडून काढावं लागेल का?

रंधा · ७ एप्रिल, सकाळी ६.५०

खरडू नका. टर्पेंटाइनमध्ये जाडसर फडकं भिजवून रेषेच्या दिशेने चोळा, वरचा चिकट थर सुटेल. लगेच कोरड्या फडक्याने पुसा. दार सावलीत पण वाऱ्याला उघडं ठेवा. सागाच्या स्वतःच्या तेलामुळेही वरचं तेल वाळायला वेळ लागतो, घाबरू नका. चार-पाच दिवसांत बोटाला लागणार नाही. त्यावर तिसरा हात देऊ नका.

ही फडकीही पसरूनच वाळवा.

इरईकाठ · १२ एप्रिल, रात्री ९.१५

भाऊ, सुटलं. आज संध्याकाळी बाबांनी हात फिरवून पाहिला, कोरडं आहे.

खामगावकर · १२ एप्रिल, रात्री ९.५०

रंधा भाऊ, आमच्या गणेशपट्टीवरचा रंग २००९ चा आहे, म्हणजे शिशाचा धरायचा. नक्षी बारीक आहे. दिवाळीपर्यंत वेळ आहे, घाई नाही. ओल्याने, बांबूच्या काडीने, रोज थोडं थोडं काढलं तर जमेल का?

रंधा · १३ एप्रिल, सकाळी ७.०५

जमेल. पट्टी चौकटीतून सुटी होत असेल तर उतरवून अंगणात घेऊन बसा. आधी एकाच पानावर करून बघा आणि मला कळवा.